साडेएकोणीस मिलिमीटर

साखर पेठेतल्या आमच्या जिन्याला
दुपारी दोन वाजता कुणी हात लावत नाही, कठडा तापलेला असतो.
यादगिरी येमूल कठड्याला धरूनच वर आले,
गालावर ओला पंचा,
कडक भाकरीला तेलुगूत शिव्या.

खालची उजवी दाढ.
पुढचं मूळ तळाशी वळलेलं.
एक्स-रेत ते दिसलं, आणि हेही दिसलं
की आठ वर्षांपूर्वी मीच इथं येऊन गेले होते.

तेव्हा माझ्याकडे पोलादी फाइली.
पोलाद सरळ स्वभावाचं,
वळणावर त्याला वळण कळत नाही, भिंत कळते.
भिंतीत त्यानं एक पायरी कोरली,
आणि तोच तळ समजून मी भरून टाकली.
खरी वाट पायरीशेजारून खाली गेलेली,
सडत, आठ वर्षं, बिनबोभाट.

हे मी त्यांना सांगितलं.
नर्सनं माझ्याकडे पाहिलं.
त्यांनी तोंड मिटलं, जरा वेळ घेतला,
म्हणाले, "काडी दाखवा बघू."

चाळीस वर्षं जॉबर, अक्कलकोट रोडला.
टॉवेलचे माग ते कानानं दुरुस्त करायचे.
बाद झालेली एक फाइल उकळून ठेवलेली होती, ती दिली.
त्यांनी ती नखाभोवती वळवली, सोडली.
सरळ झाली, काही घडलंच नाही अशी.
निकेल आणि टायटॅनियम, मी म्हटलं,
हिला आपला आकार आठवतो.

चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी टोक बघितलं.
"बोथट?"
मुद्दाम. टोकानं वाट विचारायची,
कापायचं ते कडांनी.
"आणि ही खाच?"
खाचेतून कचरा वर येतो.
खाच उथळ ठेवली तर काडी दणकट, पण चोंदते,
घाण मुळाच्या टोकाबाहेर ढकलते,
मग रात्री अकराला पेशंटचा फोन.
खोल ठेवली तर कचरा निघतो,
पण मधला गाभा बारीक राहतो.
"म्हणजे तुटते."
तुटते.

"सूत तुटायच्या आधी केस सोडतं," ते म्हणाले,
"उजेडात धरलं की दिसतं. ही सांगते का?"
पोलाद सांगायचं.
त्याचा पीळ उलगडायचा, एकाच जागी चकाकायचं,
आपण फेकून द्यायचो.
ही सांगत नाही.
शेवटच्या फेरीपर्यंत नव्यासारखी दिसते.

"मग?"
मग मोजायचं. दांड्यावर रबराची चकती असते, पाकळ्यांची.
एक दात झाला की एक पाकळी तोडायची.

यावर ते काही बोलले नाहीत. आ केला.

पायरी चुकवायला टोक किंचित वाकवलेली बारीक काडी,
एक तास दहा मिनिटं.
ती अडते, मागे घ्यायची, पाव फेरा, पुन्हा.
मग अचानक ती गेली,
जशी ओवणारीच्या हातून फणीतून तार जाते, न सांगता,
आणि यंत्र टीं टीं करायला लागलं.
साडेएकोणीस. मागच्या वेळी मी सतरावर थांबले होते.

तरी फाइल गोल, आणि वाट लंबगोल.
बऱ्याचशा भिंतीला ती शिवतही नाही.
तिथं फक्त पाणी पोचतं,
बाजूला भोक असलेल्या सुईनं, अंगठ्याचा दाब न वाढवता.
रबराच्या पडद्याआडून त्यांचं नाक उडालं.
नंतर चूळ भरून म्हणाले,
"हे तर आमच्या ब्लीचच्या हौदाचं पाणी!"
तेच, काका. कमी कडक.
"टॉवेल किती वेळ बुडवतो आम्ही, माहितीये?
घाई केली तर काठ पिवळा राहतो."

गुरुवारी परत बोलावलंय.
शेंगाचटणी चालेल का, विचारून गेले.

ट्रेमधल्या नव्या फाइलची पहिली पाकळी तोडली.
एवढीशी निळी, बोटाला चिकटून बसली.
झटकली, तरी निघेना.
पुढचा पेशंट आत येऊन बसला होता.